रात्री भिजू घातलेले

1
झरी म्हटलं की लोक विचारतात, "यवतमाळची का?" ती झरी-जामणी. ही परभणी-जिंतूर रस्त्यावरची. जमीन काळी. दिवाळीनंतर या जमिनीत ज्वारी दिसते आणि हरभरा दिसतो. ज्वारीवर पुष्कळांनी लिहिलंय.

2
झरीला काकूच्या घरी उद्या सण आहे हे मला कॅलेंडरवरून कळत नाही. रात्री ओट्यावर ताटली झाकलेलं पातेलं दिसलं की कळतं.

3
घुगऱ्या म्हणजे रात्री भिजवलेले हरभरे, सकाळी मिठाच्या पाण्यात उकडलेले, वरून फोडणी. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं काकूनं मला दोनदा विचारलं.

4
"काय काय लागतं?"
"हरभरे अन् मीठ."
"आणि फोडणीला? तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, मिरच्या, कढीपत्ता, खोबरं?"
"ते असतंच की घरात."

5
किलोचं वजन देशात 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आलं. काकूच्या डब्यात अजून मापटं आहे. माणशी किती घ्यायचे ते ती माणसं बघून ठरवते. माझ्याकडे बघून तिनं आणखी एक मूठ टाकली.

6
सकाळी सहा. भिजलेले दाणे रात्रीपेक्षा दुप्पट दिसतात. आदल्या दिवशी सुरकुतलेले होते, आता गुळगुळीत, टोकाला इवलीशी चोच. काकू भिजवणाचं पाणी ओतून देते, दोनदा धुते. कारण विचारलं तर पोटावर हात ठेवते. नवीन पाणी, मीठ, झाकण. पाणी आधी गढूळ होतं, मग तांबूस. वर फेस येतो तो ती पळीनं काढून टाकते. अर्ध्या तासानं एक दाणा बाहेर. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचा. साल सरकलं आणि आतला दाणा चेपला पण फुटला नाही, की गॅस बंद. फुटला तर उशीर झाला. हे तिनं मला सांगितलं नाही. मी तिची बोटं बघत होतो.

7
देवाची वाटी आधी बाजूला निघते. लसूण त्यानंतर. एकच कढई, मधे फक्त एक वाटी.

8
कितीही शिजवा, एखादा दाणा दगडच राहतो. काकू त्याला गणंग म्हणते. गावात दोघा-तिघांनाही म्हणते.

9
बोअरच्या पाण्यात हरभरा लवकर शिजत नाही, ही तक्रार घरोघरी आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सालाला धरून बसतं. पावसाच्या पाण्यात तोच दाणा लोण्यासारखा होतो. म्हणजे ज्या वर्षी पाऊस नाही, त्या वर्षी गॅसही जास्त जातो.

10
हॉकिन्स आणि प्रेस्टीज, दोन्ही कुकर 1959 सालचे. काकूकडे त्यातला एक आहे. घुगऱ्या ती पातेल्यातच करते. एकदा तिला घाई होती म्हणून मी कुकर लावला, फोनवर बोलत बसलो आणि शिट्ट्या मोजायला विसरलो. झाकण उघडलं तर पिठलं. काकूनं त्यात मिरची-कोथिंबीर घातली, थापून तळलं आणि पाहुण्यांना "वडे" म्हणून वाढलं. दोघांनी कृती विचारली.

11
परभणी जंक्शनवरून हैदराबादच्या गाडीत बसा. इथे घुगऱ्या. तेलुगूत गुग्गिळ्ळु. कन्नडात गुग्गरी. उत्तरेकडे जाणारी गाडी धरली तर घुघरी, आणि बंगालात पोचेपर्यंत घुगनी. तमिळनाडूत मात्र सुंडल. नवरात्रात तिथे घरोघरी बाहुल्यांची मांडणी असते, बघायला आलेल्या बाईच्या हातावर सुंडल ठेवतात. नाव वेगळं, पण रात्री भिजू घालणं चुकलेलं नाही.

12
मराठीत माणूस मूग गिळून गप्प बसतो. उर्दूत तो तोंडात घुंगनियाँ भरून बसतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी निजामाकडे होती. गप्प बसायला इथे दोन्ही कडधान्यं उपलब्ध होती.

13
रमजानमध्ये शेजारून रोजा सोडायच्या वेळी ताट येतं. खजूर, केळं, भजी आणि उकडून फोडणी दिलेले चणे. काकूनं एक दाणा चाखला. "मीठ बरोबर आहे." तिच्या तोंडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

14
"तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी." वाद घालणाऱ्याचं तोंड बंद करायला एवढं पुरतं. वयाचा दाखला म्हणून तहसीलमध्ये चालत नाही. घरात चालतो.

15
बारशाला पाळण्याखालून-वरून आधी वरवंटा फिरतो, मग बाळ. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि त्याच क्षणी बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. नंतर सगळ्यांना घुगऱ्या. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी प्रवासाला निघालेल्या आत्याबरोबर शिदोरीही बांधून देतात. शिदोरीत धपाटे.

16
चैत्रात गौर बसते, अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकू चालतं. कैरीची डाळ, पन्हं आणि ओटीत भिजवलेले हरभरे. कच्चे. त्यांचं काय करायचं हे घेणारीनं ठरवायचं. तीन घरी जाऊन आलेल्या बाईच्या घरी त्या रात्री भाजीचा प्रश्न नसतो.

17
श्रावणातला शुक्रवार. भिंतीवर जिवतीचा कागद. त्यात नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, लेकरांसह जिवत्या, आणि हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. सवाष्णींना हळदीकुंकू, दूध-साखर आणि फुटाणे. काकूला विचारलं, नरसिंह इथे का? म्हणाली, "लेकरासाठी धावला होता ना." फुटाणे का? "फुटाणे स्वस्त होते."

18
1975 साली 'शोले' आला आणि त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला. दुसऱ्याला लोक थिएटरबाहेर चपला काढून आत जात. शुक्रवारचा उपास, आंबट वर्ज्य, प्रसाद गूळ-चणे. एका सिनेमानं गावोगावच्या शुक्रवारी फुटाणे विकले. 'शोले'नं असं काही विकल्याचं ऐकिवात नाही.

19
फुटाण्याची भट्टी: लोखंडी कढईत वाळू तापवलेली. हळद-मिठाचं पाणी चोळून मुरवलेला हरभरा तिच्यात पडतो, झाऱ्यानं दोन-चार वेळा वरखाली, चाळणीत उपसला की वाळू खाली आणि फुटाणे वर. एका घाण्याला मिनिटही लागत नाही. दाणा तडकल्याचा आवाज आधी येतो, वास नंतर. भट्टीवाल्याचं लक्ष आवाजाकडे असतं. आम्ही गिऱ्हाइकं वासावर आलेली.

20
नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. उकडलेलं चालतं. दिंडं होतात, वारुळाला लाह्या-फुटाणे जातात. वर्षातून एक दिवस विळीला सुट्टी. काकूला नाही.

21
उपासाला चालतं: शेंगदाणा, बटाटा, मिरची, साबुदाणा. चौघांचंही मूळ अमेरिका खंडात. पोर्तुगीज येईपर्यंत यातलं एकही इथल्या माणसानं पाहिलेलं नव्हतं.
उपासाला चालत नाही: हरभरा. हजारो वर्षं इथे राहतो आहे.

22
घटस्थापनेला शेतातली काळी माती येते. तिच्यात धान्य पेरतात, वर मातीचा घट, नऊ दिवस पाणी. दसऱ्याला ते अंकुर टोपीत खोवायचे. त्याआधी काका चष्मा लावून कुठलं धान्य जोमानं वर आलंय ते बघतात. कृषी विद्यापीठ परभणीतच आहे, 18 मे 1972 पासून. काका दोघांचंही ऐकतात. पेरतात ते मात्र व्यापाऱ्याकडे भाव विचारून.

23
हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. झाड गुडघ्याएवढं. विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रानं काढलेल्या एका वाणाचं नाव 'आकाश'.

24
थंडीत पहाटे हरभऱ्याच्या रानातून चालत गेलं तर पोटऱ्या चुरचुरतात. पानांवर आंबट दव असतं, आंब म्हणतात त्याला. मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. जुने लोक रात्री रानावर धोतर पसरून ठेवत आणि सकाळी पिळून बाटलीत भरत. पोटदुखीवर दोन थेंब. काकाच्या कोनाड्यात अशी एक बाटली होती. आता त्या कोनाड्यात सेट-टॉप बॉक्स आहे.

25
शेंडे खुडले की झाड फांद्या जास्त फोडतं. खुडलेले शेंडे, कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, मीठ, कच्चं तेल. घोळाणा. हरभऱ्याचं पहिलं खाणं हेच. देवाला दाखवत नाहीत, कारण कांदा असतो. देवाचं नुकसान.

26
संक्रांत. सुगडात हरभऱ्याचे घाटे, बोरं, ऊस, गाजर, तीळगूळ. आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत हिरवा सोलाणा. सोलताना लेकरं निम्मे खातात. हे निम्मे धरूनच काकू टहाळ मागवते.

27
टहाळ बांधावर काट्याकुट्यात भाजला की हुळा. ज्वारीचा हुरडा भाजला की पार्टी. पुण्या-मुंबईची माणसं हुरड्याला पैसे देऊन येतात. हुळ्याला अजून कुणी तिकीट लावलेलं नाही. बोटं काळी होतात, हे कारण असावं.

28
होळीला पुरण. शिजलेल्या डाळीचं पाणी टाकत नाहीत, त्याची आमटी होते. दुसऱ्या दिवशी पोळी संपलेली असते, आमटी उरलेली असते आणि तीच जास्त चांगली लागते.

29
दिवाळीच्या ताटातून हरभरा काढून घेऊन बघा. शेव गेली. बेसनाचे लाडू गेले. चकलीच्या भाजणीतली डाळ गेली. चिवड्यातलं डाळं गेलं. उरल्या शंकरपाळ्या, करंज्या, अनारसे. आणि चहा.

30
पुण्याच्या मित्राकडे अनंत चतुर्दशीला गेलो होतो. वाटली डाळ होती. भिजवलेली हरभरा डाळ वाटून, फोडणीत परतून मोकळी केलेली, वर ओलं खोबरं. उत्तम. मी म्हटलं, आमच्याकडे आख्खेच खातो. त्याची आई म्हणाली, "दात चांगले असतील तुमचे."

31
चणे आहेत तर दात नाहीत. काका आता घुगऱ्या वाटीत घेतात, चमच्यानं दाबतात, ताक ओततात. आजही पहिली वाटी त्यांनाच जाते.

32
जगात पिकणाऱ्या हरभऱ्यातला निम्म्याहून बराच अधिक भारतात पिकतो. तरी 2024 च्या मे महिन्यात देशी हरभऱ्यावरचं आयात शुल्क उठवलं गेलं. ऑस्ट्रेलियाचा माल आला. 1 एप्रिल 2025 पासून पुन्हा शुल्क, दहा टक्के. 2025-26 च्या विक्री हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,650 रुपये, आदल्या वर्षी 5,440. काका हे आकडे पाठ म्हणतात. काकूला विचारलं, नैवेद्याला ऑस्ट्रेलियाचा हरभरा चालतो का? "शिजला तर चालतो."

33
फोडणीला करडईचं तेल, हा जुना रिवाज. विद्यापीठानं करडईचा एक वाण काढला त्याचं नाव 'परभणी कुसुम'. नाव कुसुम, अंगभर काटे. काढणीला मजूर मिळत नाहीत, पेरा घटला. आता पिशवीतलं सोयाबीनचं तेल. काकू म्हणते, "वास येत नाही या तेलाला." ही तिची तक्रार आहे. पिशवीवर हीच गोष्ट जाहिरात म्हणून छापलीय.

34
हरभरा उपटायचा तो पहाटे. ऊन चढलं की घाटे तडकतात आणि हाताला टोचतात. आता उंच वाढणारा 'फुले विक्रम' आहे, हार्वेस्टर घालता येतो. यंत्राला दिवसा चालतं. उपटायला जाणाऱ्या बायकांपैकी एकीला विचारलं, बरं झालं ना? म्हणाली, "झोप मिळाली. रोजगार गेला."

35
घोड्याच्या हरभऱ्याला चंदी म्हणतात. माणसाच्या हरभऱ्याला प्रसाद.

36
गणपतीत आरतीनंतर पोरांनी ओंजळी पुढे केल्या. मंडळाच्या कार्यकर्त्यानं पेढ्यांचा खोका उघडला. अर्ध्या ओंजळींतच खोका संपला. मग कुणाच्या तरी घरून घुगऱ्यांचं पातेलं आलं. पेढ्याचा फोटो निघाला होता. घुगऱ्यांच्या वेळी सगळ्यांचे हात खरकटे होते.

37
काकूच्या सुनेनं विचारलं, "एका किलोला मीठ किती?" काकूनं मूठ उघडून दाखवली. सुनेनं ती मूठ वजनकाट्यावर रिकामी करून घेतली आणि आकडा फोनमध्ये लिहिला. पुढच्या सणाला बरोब्बर तेवढं मीठ पडलं. काकूनं चाखलं, काही बोलली नाही, आणि चिमूटभर वरून टाकलं.

38
आकडा सुनेनं अजून बदललेला नाही.

39
हे वाचून घुगऱ्या खाव्याशा वाटल्या तर आज जमणार नाही. रात्री भिजू घालावे लागतात.